साठीनंतरची पहिली माउंटन सायकल

वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपण सायकल घ्यावयाचे ठरवले, आणि तीही जाड टायरांची, गिअरांची, दुकानात ‘माउंटन बाइक’ म्हणून मिळणारी, असे घरात सांगितले की बहुधा दोन प्रकारची उत्तरे येतात. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, आता या वयात पडलात म्हणजे?’’ आणि नातू म्हणतो, ‘‘आजोबा, एकवीस गिअरचीच घ्या!’’ पहिल्या उत्तरात काळजी आहे, दुसऱ्यात उत्साह आहे. परंतु सायकल निवडण्याच्या कामी दोहोंचाही फारसा उपयोग होत नाही. सायकल निवडावयाची ती आपल्या पायांच्या लांबीवरून, गुडघ्यांच्या आणि मनगटांच्या स्थितीवरून, घरासमोरच्या रस्त्यावरून आणि ती रात्री कोठे ठेवावयाची यावरून.

मुलाची भीती मात्र खोटी नाही. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरूण, वॉकर अशी कित्येक महिन्यांची वाट चालावी लागते, आणि पुष्कळांना त्यानंतर पूर्वीसारखे मोकळे चालणे जमत नाही. म्हणून या लेखात गिअर आणि शॉक-अब्सॉर्बर यांच्यापेक्षा सायकलवर चढावे कसे आणि उतरावे कसे याला अधिक जागा दिली आहे. विक्रेत्याच्या तोंडून हे सहसा ऐकू येत नाही.

आपल्याच पिढीचे वाहन

माउंटन सायकल हे तरुणांचे खूळ आहे, असा समज असेल तर तिचा जन्म पाहावा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन परगण्यात माउंट टॅमलपाय नावाचा डोंगर आहे. सन १९७०च्या दशकात तेथील काही तरुण १९३०-४०च्या सुमाराच्या जुन्या, अवजड, जाड टायरांच्या सायकली भंगारातून मिळवून डोंगरावर नेत आणि कच्च्या वाटेने खाली सोडत. त्या सायकलींना पायडल उलटे फिरवून लावायचा ब्रेक असे. उतारावर तो इतका तापे की चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ यावरूनच त्या परिसरातील एका वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले, आणि ऑक्टोबर १९७६मध्ये तेथे पहिली शर्यत झाली. या मंडळींपैकी गॅरी फिशर १९५०चे, तर खास या कामासाठी नवी फ्रेम घडवणारे जो ब्रीझ १९५३चे. म्हणजे ज्यांनी हे वाहन घडवले, ते आज सत्तरी ओलांडलेले आहेत. सन १९८१मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ ही सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन सायकलिंगचा समावेश झाला.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की या सायकलीची सारी वैशिष्ट्ये खराब वाटेच्या गरजेतून आली आहेत, आणि खराब वाट शोधायला आपल्याला डोंगरावर जावे लागत नाही. खणून बुजवलेला रस्ता, पाटी न लावलेला गतिरोधक, कोकणातली जांभ्याची पाखाडी, शेताकडे जाणारी मुरमाची वाट, पावसाळ्यानंतरचे खड्डे हे सर्व आपल्या दारातच असते. रुंद टायर अशा ठिकाणी सहजासहजी घसरत नाही किंवा भेगेत अडकत नाही. हँडल रुंद असल्याने ते हातात स्थिर राहते. चढावर हलका गिअर पडतो. ब्रेक कमी जोरात लागतात. आपल्या लहानपणच्या काळ्या सायकलीला पुढे साधारण ४४ आणि मागे १८ दातांचे चक्र असे. पायडलाचा एक फेरा झाला की चाक जवळजवळ अडीच फेरे फिरे. सपाट रस्त्यावर ते उत्तम, पण चढ आला की उभे राहून जोर मारावा लागे, नाही तर उतरून ढकलत न्यावी लागे. माउंटन सायकलीच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलाच्या एका फेऱ्यात चाक एखादाच फेरा फिरते. गुडघ्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

तरीही दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. ज्यांना केवळ चांगल्या डांबरी रस्त्याने बागेपर्यंत किंवा मंडईपर्यंत जायचे आहे, त्यांना माउंटन सायकल जड वाटेल. तिच्या टायरांवरच्या गाठी डांबरावर घुरघुरतात आणि वेग खातात. बसताना थोडे पुढे वाकावे लागते. बहुतेकींना मडगार्ड, कॅरिअर आणि साखळीवरचे झाकण नसते. अशांनी ‘हायब्रिड’ किंवा ‘सिटी’ या नावाने मिळणारी, मध्यम रुंदीच्या टायरांची, सरळ बसून चालवायची सायकल पाहावी. मात्र माप, चढणे-उतरणे आणि ब्रेक यांविषयी पुढे जे लिहिले आहे ते तिलाही तसेच लागू आहे.

दुकानाआधी दवाखाना

पहिली भेट सायकलवाल्याची नसावी, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची असावी. ‘‘डॉक्टर, सायकल चालवू का?’’ एवढेच विचारून उठू नये. सर्व औषधांची यादी समोर ठेवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठल्याबरोबर क्षणभर अंधारी येते, आणि सायकलवरून उतरताना नेमके तेच संकट ठरते. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून श्रम मोजणाऱ्यांची फसगत होते. त्यांनी साधी कसोटी ठेवावी: सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे; शब्दाशब्दाला धाप लागली तर गिअर हलका करावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर रिकाम्या पोटी निघू नये आणि खिशात ग्लुकोज अथवा साखर ठेवावी.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांविषयी घरच्या मंडळींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अशी व्यक्ती पडली आणि डोक्याला मार लागला, तर वरवर काहीही दिसत नसले, त्या बोलत-चालत असल्या, ‘‘मला काही झाले नाही’’ असे म्हणत असल्या, तरी त्यांना लगेच रुग्णालयात न्यावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनीही डोके वर काढतो.

डोळ्यांचेही पाहावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर शल्यविशारद हो म्हणेपर्यंत थांबावे. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पुढच्या चाकाजवळचा रस्ता पुसट दिसतो, आणि खड्डा तेथेच असतो. नियमित सायकल चालवायची असेल तर केवळ दूरच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घेणे हा खर्च वायफळ नाही.

तोलाची परीक्षा घरीच होते. भिंतीजवळ किंवा जड टेबलाजवळ, कोणाला तरी शेजारी उभे करून एका पायावर उभे राहावे. आधाराशिवाय दहा सेकंदही निघत नसतील, किंवा मान वळवताना घेरी येत असेल, तर सायकलीचा बेत पुढे ढकलून आधी तोलाचे व्यायाम सुरू करावेत. फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. सायकलवरून मागची वाहने पाहण्यासाठी मान वळवावीच लागते. काहींना तोल कधीच पुरेसा साधणार नाही. त्यांच्यासाठी घरातली स्थिर सायकल आहे, प्रौढांसाठीची तीन चाकी सायकलही आहे. त्यात कमीपणा नाही.

सांध्यांच्या बाबतीत सायकल पुष्कळदा मित्र ठरते, कारण शरीराचा भार सीटवर जातो आणि गुडघा भाराविना फिरतो. झीज झालेल्या गुडघ्यांना हे मानवते. परंतु याच कारणाने हाडे बळकट करण्याचे काम सायकल करीत नाही. त्यासाठी पायांवर भार पडणारे चालणे, जिने चढणे, हलकी वजने उचलणे हवेच. सायकल घेतली म्हणून सकाळचे फिरणे बंद करू नये. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झालेली नसेल, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या भगिनींची, तर याच निमित्ताने ती करावी की काय हे डॉक्टरांना विचारावे. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांचाच शब्द अखेरचा.

दांडीची गोष्ट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वयस्क सायकलस्वार पडतात ते वेगात असताना किंवा मोटारीने धडक दिल्यामुळेच, असे आपण मानतो. प्रत्यक्षात चढताना, उतरताना आणि अगदी हळू वेगात तोल जाऊन पडणे पुष्कळ घडते. नेदरलँड्समध्ये सत्तर-ऐंशीची माणसे रोज सायकल चालवतात; तेथील अनुभवही हाच आहे. सायकल जवळजवळ उभी असते, पाय दांडीला अडकतो, आणि माणूस कुशीवर, म्हणजे नेमका खुब्यावर, आदळतो.

आपल्याकडे एक जुनी सवय या धोक्यात भर घालते. डावा पाय डाव्या पायडलवर ठेवून, उजव्या पायाने जमिनीला दोन-तीन रेटे देऊन सायकल पळवायची आणि मग उजवी तंगडी मागून कॅरिअरवरून फिरवून बसायचे. उतरतानाही चालत्या सायकलवरून तसेच. आपल्यापैकी अनेकजण असेच शिकले. विशीत ते ऐटीचे दिसे. पासष्टीत खुबा तेवढा उघडत नाही, कमरेतला ताठरपणा आयत्या वेळी आडवा येतो, आणि कॅरिअरवर पिशवी बांधलेली असली की पाय तिलाच लागतो.

म्हणून पहिली शिफारस अशी: शक्य असेल तर दांडी खाली झुकलेली, अथवा जवळजवळ नसलेलीच, फ्रेम घ्यावी. इंग्रजीत तिला ‘स्टेप-थ्रू’ म्हणतात, दुकानात अजूनही ‘लेडीज सायकल’ म्हणतात, आणि या नावापायी कित्येक पुरुष ती घेत नाहीत. हा अभिमान महागात पडू शकतो. जाड टायरांच्या, गिअर असलेल्या सायकलींतही अशा फ्रेम मिळतात. दुकानदार त्या स्वतःहून पुढे आणीलच असे नाही, विचारावे लागते.

दांडीची सायकलच घ्यायची असेल तर माप चोख हवे. घरी अनवाणी, पाठ भिंतीला टेकून उभे राहा. पुठ्ठ्याच्या बांधणीचे एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर सीटसारखे घट्ट धरा. त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर घरच्या कोणाला मोजायला सांगा. ही आपल्या पायांची आतील लांबी. दुकानात सायकलीच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत तरुणाला दोन इंच जागा पुरते. आपल्याला तीन-चार इंच तरी असावी. फ्रेमचे माप इंचांत किंवा ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’ असे सांगतात. साडेपाच फुटांच्या आतील उंचीच्या व्यक्तीला सहसा १५ ते १६ इंचांची, त्याहून थोड्या उंच व्यक्तीला १७ ते १८ इंचांची फ्रेम बसते. पण कंपनीगणिक फरक पडतो, आणि चिठ्ठीवरच्या आकड्यापेक्षा स्वतः उभे राहून पाहणे खरे. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्यावे.

यावरूनच आणखी एक गोष्ट ओघाने येते. आई-वडिलांच्या वाढदिवसाला गुपचूप सायकल आणून दाराशी उभी करण्याचा मोह मुलांनी आवरावा. चपलेचे माप न विचारता चप्पल आणण्यासारखेच ते आहे, आणि चप्पल चावली तर केवळ फोड येतो. दुकानात त्यांनाच घेऊन जावे.

चढायचे कसे? सायकल स्वतःकडे थोडी कलती करावी, म्हणजे दांडी खाली येते. दोन्ही ब्रेक घट्ट धरावेत. पाय मागून न फिरवता सीटच्या पुढून, दांडीवरून पलीकडे न्यावा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून सायकलीच्या मध्ये उभे राहावे. मग एक पायडल पुढे-वर, घड्याळात दोनचा काटा असतो तेथे आणावे, त्यावर पाय ठेवून ब्रेक सोडावेत आणि दाब देत सीटवर बसावे. उतरताना याच्या उलट: पूर्ण थांबावे, सीटवरून पुढे येऊन दोन्ही पाय टेकावेत, मगच सायकल कलती करून पाय काढावा. चालत्या सायकलवरून उतरणे कायमचे सोडून द्यावे. घरच्यांनी पहिले आठ-दहा दिवस हे एवढेच करवून घेतले तरी चालेल. भगिनींनी ओढणी बांधून घ्यावी, आणि साडी नेसून ही सायकल चालवू नये. साखळीला झाकण नसते.

सीट किती उंच

येथे खरा पेच आहे, आणि तो दुकानदार सहसा सोडवून देत नाही. सीट खाली असली की दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतात आणि मनाला धीर येतो. परंतु खालच्या सीटवर गुडघा सतत जास्त दुमडलेला राहतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. ‘‘सायकलने गुडघे दुखू लागले’’ असे सांगणाऱ्या पुष्कळांची सीट चार बोटे खाली असते. योग्य उंची ओळखण्याची रीत सोपी आहे. कोणीतरी सायकल धरून ठेवावी. आपण सीटवर बसून पायडल सर्वांत खाली नेऊन त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत गुडघा सरळ व्हावा. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला हलकीशी घडी राहते. तेवढीच हवी.

पण या उंचीला बसल्यावर जमिनीला फक्त बोटे टेकतात, आणि नवशिक्याला ते भयाचे वाटते. माझे मत असे, की पहिला पंधरवडा सीट खालीच ठेवावी, अंतर थोडेच कापावे, आणि पुढून चढणे-उतरणे अंगवळणी पडले की दर चार-सहा दिवसांनी सीट एक सेंटीमीटर उचलावी. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी मुठीजवळच्या कळीने सीट खाली-वर होणारा दांडाही मिळतो. डोंगरावरच्या उतारासाठी तो निघाला, पण त्याचा खरा लाभार्थी सिग्नलपाशी थांबणारा ज्येष्ठ नागरिकच असावा. तळाशी फार मऊ, फुगलेली गादी मात्र घेऊ नये. ती पंधरा मिनिटे सुखावते आणि नंतर नाजूक जागी दाबते. बैठकीची दोन हाडे टेकतील एवढी रुंद आणि मध्ये खोलगट भाग असलेली सीट बरी. बधिरपणा जाणवला तर सीटचे टोक थोडे खाली झुकवून पाहावे, आणि तरीही राहिला तर थांबावे.

चाके, स्प्रिंगा, ब्रेक

चाके २६, २७.५ आणि २९ इंचांची मिळतात. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, लहान चाक सुरुवात करायला हलके पडते आणि सायकल बुटकी राहते. पाच फूट चार इंचांच्या आतील व्यक्तीने २९च्या मोहात पडू नये.

पुढच्या काट्यातील शॉक-अब्सॉर्बरवर दुकानात फार बोलले जाते. स्वस्त सायकलींत तो नुसती स्प्रिंग असतो. दाबला की उसळतो, आणि दीड-दोन किलो वजन वाढवतो. मागच्या चाकालाही शॉक असलेली स्वस्त सायकल तर घेऊच नये. पायाचा काही जोर ती स्प्रिंगच खाते, आणि तिचे सांधे खुळखुळू लागले की दुरुस्ती जवळपास मिळत नाही. साधा ताठ काटा आणि दोन इंच रुंद टायर, त्यात योग्य हवा, हे मनगटांना आणि कण्याला पुष्कळ आराम देते. टायरच्या बाजूला हवेची मर्यादा छापलेली असते. साध्या रस्त्यासाठी बहुधा ३५ ते ४० पीएसआय पुरते. पंक्चरवाल्याकडे मात्र सायकल दिली की तो प्रेमाने दगडासारखी हवा भरून देतो. घरी आकडा दाखवणारा पायपंप ठेवावा.

ब्रेकवर कंजुषी करू नये. रबरी गुटके रिमला घासणारे ब्रेक स्वस्त आणि कोणाकडूनही दुरुस्त होणारे. कोरड्यात चांगले, पावसात ढिले. तारेने ओढले जाणारे डिस्क ब्रेक मध्यम. तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक महाग, पण एका-दोन बोटांनी लागतात. संधिवाताने बोटे आखडलेल्यांसाठी हा पैसा सार्थकी लागतो. ब्रेकची पट्टी मुठीच्या जवळ आणण्यासाठी तेथेच एक लहान स्क्रू असतो. लहान हातांच्या व्यक्तींनी तो दुकानातच फिरवून घ्यावा. उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा की मागच्या, हेही तेथेच पाहावे. सगळ्या सायकलींत ते सारखे नसते. जुन्या सायकलीचा ब्रेक करकचून दाबला तरी ती रमतगमत थांबे. या ब्रेकला तशी मूठ आवळली तर चाक जागच्या जागी अडेल. मैदानावर दहा-वीस वेळा हळूहळू दाबून सराव केल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

गिअरांच्या संख्येवर भाळू नये. पुढे तीन आणि मागे सात म्हणून एकवीस, हे गणित खरे. पण त्यांतले कित्येक एकमेकांसारखेच असतात, आणि दोन्ही हातांनी हिशेब ठेवताना लक्ष रस्त्यावरून उडते. पुढे एकच चक्र आणि मागे आठ-नऊ, म्हणजे एकाच हाताचे काम, ही रचना वयस्कांना सोयीची. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर अंगठ्याने ढकलायच्या कळीऐवजी मूठ पिळून बदलायचा गिअर पाहावा. ज्यांचे मनगट दुखते त्यांना याच्या उलट. हे दुकानात पाच-सहा वेळा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

किंमत, वजन आणि दुकान

साध्या पोलादी फ्रेमची गिअर असलेली सायकल आज साधारण दहा ते पंधरा हजारांत येते आणि १६ ते १८ किलो भरते. ॲल्युमिनिअम मिश्रधातूची, हायड्रॉलिक ब्रेक असलेली पंचवीस ते चाळीस हजारांपर्यंत जाते आणि १३ ते १५ किलो भरते. तीन किलोंचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ही सायकल दुकानात एका हाताने उचलून पाहावी. खाली ठेवायची असेल तर कुलूप आणि छप्पर यांची व्यवस्था सोसायटीच्या सचिवांशी आधीच बोलून घ्यावी. ठरवलेल्या रकमेतून हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, घंटी, आरसा, मडगार्ड, स्टँड आणि पंप यांसाठी तीन-चार हजार बाजूला काढावेत आणि उरलेल्यात सायकल पाहावी.

बॅटरीच्या सायकलीचा विचार मनात येईलच. ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, २५० वॅटपर्यंतच्या मोटारीच्या सायकलीला आपल्याकडे नोंदणी लागत नाही. चढाच्या गावात राहणाऱ्यांना ती वरदान आहे, पण ती वीस किलोंच्या पुढे जाते, आणि अंगावर पडली तर तेवढीच जड असते. आधी साधी चालवून सवय व्हावी.

घरपोच येणारी सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली असते. हँडल, पुढचे चाक, पायडल आपण लावायचे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे ठाऊक नसलेला मनुष्य ते जोर लावून बिघडवतो, आणि पुढचा काटा उलटा बसवलेल्या सायकलीही रस्त्यावर दिसतात. पाचशे-हजार रुपये जास्त गेले तरी जवळच्या, दुरुस्ती करणाऱ्या दुकानातूनच घ्यावी. जो दुकानदार दारासमोर एक फेरी मारू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. नातवाने सोडून दिलेली, जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल फुकट मिळत असेल तरी माप आधी पाहावे. माप जुळले, तर टायरच्या बाजूच्या भेगा, ब्रेकचे गुटके आणि तारा बदलूनच ती वापरावी.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, हनुवटीखाली पट्ट्यात एक-दोन बोटे जातील इतके घट्ट, आणि पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र येतील असे बसवावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते लावूनच हेल्मेट निवडावे, नाही तर पट्टा यंत्रावर घासतो. आत ‘ईएन १०७८’ किंवा ‘सीपीएससी’ ही खूण असावी. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट, वरून धड दिसले तरी, पुन्हा वापरू नये.

पहिला महिना

शाळेचे मैदान, सोसायटीतला आतला रस्ता, रहदारी सुरू होण्यापूर्वीची उजाडलेली वेळ. अंधारात नको. पंधरा मिनिटे, एक दिवसाआड. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायामही. पण पहिल्या महिन्यातच तो आकडा गाठण्याची घाई नसावी. पाय हलके आणि भरभर फिरावेत असा गिअर ठेवावा. चढ दिसला की चढाच्या आधीच गिअर हलका करावा. मध्यावर जोर लावून बदलला तर साखळी करकरते आणि तोल जातो.

पहाटेची कुत्री हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. पळू नये, थांबून, उतरून, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालावे. पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि पडलेली पाने यांवर ब्रेक दाबू नये. पहिला पावसाळा सायकल टांगून ठेवली तरी काही बिघडत नाही.

घरच्यांनी खिशात एक कागद द्यावा: नाव, रक्तगट, चालू औषधे, दोन फोन क्रमांक. फोन कुलूपबंद असतो, कागद कोणीही वाचतो. शक्य असेल तर पहिले काही दिवस कोणीतरी सोबत चालावे. पण मागून सीट धरून धावू नये. त्याने चालवणाऱ्याचा तोल उलट बिघडतो.

महिनाभराने सायकल दुकानात परत न्यावी. नव्या तारा या काळात ताणल्या जातात, गिअर अडखळू लागतात, ब्रेक सैल होतात, चाकांच्या ताराही एखाद-दुसऱ्या ढिल्या होतात. ही पहिली तपासणी बहुधा विनामूल्य असते आणि पुष्कळजण ती विसरतात. त्यानंतर दर रविवारी हवा पाहावी, ब्रेक दाबून पाहावेत, आणि साखळी फडक्याने पुसून तिच्यावर सायकलच्या तेलाचे थेंब सोडावेत. खोबरेल वापरू नये, ते थंडीत थिजते आणि धूळ धरून ठेवते.